पाचवी काळी पट्टी

सर गेले त्या दिवशी त्यांच्या वाजवायच्या पेटीवर घालायचं कापड आमच्या दोरीवर वाळत होतं. मी ते धुवायला घरी आणलं होतं. त्याच पिशवीत त्यांची लाल वही होती, चांगल्या अक्षरात उतरवून काढायला दिलेली. कापड मी चार दिवसांनी चर्चमध्ये नेऊन परत पेटीवर घातलं. वही कुणाला परत द्यायची ते कळेना, म्हणून ती माझ्या कपाटात राहिली. पुढे जे झालं ते या वहीमुळे झालं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी माफ करेन अशी वाट बघत कुणी वाचू नये.

सर आमच्या श्रीरामपूरच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि नगरच्या एका कॉलेजात संगीताचा इतिहास शिकवायचे. सकाळच्या एसटीने नगर, संध्याकाळच्या एसटीने परत. एसटीच्या पाटीवर आता नाव बदललंय, पण सर शेवटपर्यंत नगरच म्हणायचे. चर्चमधली म्हातारी मंडळी त्यांना मास्तर म्हणत, आम्ही सर, आणि त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यांना "अहो, ऐकलं का" म्हणत, ज्यावर ते दर वेळी म्हणत, "ऐकणं हाच तर माझा धंदा आहे."

गाण्याच्या कॉलेजात इतिहास हा विषय कुणालाच नको असतो. मुलं गायला येतात, तबला शिकायला येतात. इतिहास पास होण्यापुरता. सर सांगायचे, "माझ्या तासाला मुलं मागच्या बाकांवर डबा खातात. मी ओरडत नाही. वासावरून मेथी कुणाकडे आहे ते ओळखतो आणि त्यालाच प्रश्न विचारतो." मेथीवाला घास गिळून उभा राहीपर्यंत सर खडू हातात घेऊन शांतपणे थांबत. असं थांबणं त्यांना फार छान जमायचं.

त्यांची इतिहासाची एकच अट होती. कुठलंही गाणं लिहून घ्यायचं तर पहिली ओळ गाण्याची लिहायची नाही. पहिली ओळ: कोणाकडून. त्या माणसाचं नाव, गाव, वय, आणि गाताना तो काय करत होता ते. मग सूर. मग शब्द. "चाल सापडली म्हणून नाचू नका," ते म्हणायचे, "चाल कुणाच्या तरी घरातून उचलून आणलीय. निदान दारावरचं नाव तरी वाचा."

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बारा वर्षांची होते. आईनेच नेलं. मी बोलत नव्हते, म्हणजे घरात बोलायचे, बाहेर नाही. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं तर वर्गाबाहेर उभं करायचे, आणि इंग्रजी बोलताना माझी जीभ अडकायची. दोन्हीवर उपाय म्हणून मी गप्प राहायला शिकले. आई सरांना म्हणाली, "हिला गायला शिकवा, थोडी मोकळी होईल."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "गायला नको. हिला पेटी देऊ. पेटीच्या मागं बसलं की माणसाचं फक्त कपाळ दिसतं."

त्यांनी पहिल्याच भेटीत मला इतकं बरोबर ओळखलं याचा मला रागच आला होता. पण मी गेले, आणि जात राहिले. सुरांबरोबर त्यांनी मला मराठीही शिकवली, न सांगता. ते गाण्याचे शब्द सांगायचे आणि मी लिहायचं. अडलं की सांगायचे नाहीत, थांबायचे. तो मेथीवाला मुलगा कसा उभा राहत असेल ते मला तिथं कळलं. आज मी हे ज्या भाषेत लिहितेय ती मला शाळेने दिलेली नाही.

आता पट्टीबद्दल सांगते. त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

मी शिकायला गेले तेव्हा चर्चच्या पेटीची एक पट्टी मेलेली होती. मधल्या सप्तकातली पाचवी काळी. दाबली की नुसती हवा यायची, फुस्स. आमची मंडळी वर्षानुवर्षं पांढरी एकला सा धरून गात आलेली, त्यामुळे ती मेलेली पट्टी म्हणजे नेमका कोमल निषाद. सा वर नेला तर म्हाताऱ्या बायकांचा आवाज फाटायचा, खाली आणला तर पुरुष घोरल्यासारखे गायचे. दुरुस्तीचा विषय दर वर्षी कमिटीपुढे यायचा आणि दर वर्षी गळक्या छपराच्या खर्चामागं जाऊन बसायचा.

म्हणून सरांनी एक केलं. जिथं कोमल निषाद यायचा तिथं बोट एक घर खाली सरकवून शेजारचा पांढरा सूर वाजवायचा, धैवत. मंडळी पेटीच्या मागून चालते. पेटीने धैवत दिला, मंडळीने धैवत घेतला. आठ-नऊ वर्षं असंच चाललं. त्या काळात चर्चमध्ये जन्मलेल्या मुलांनी ती गाणी तशीच ऐकली आणि तशीच पाठ केली.

याच वर्षांत सर शनिवारी स्कूटरवरून आसपासच्या गावांत जायचे. प्रवरेच्या काठाने, कोल्हारकडे, बेलापूरकडे. म्हाताऱ्या ख्रिस्ती बायकांकडे जुन्या चाली होत्या, कुठंही छापलेल्या नाहीत अशा. नाताळचे पाळणे, सुगीची गाणी, मयताच्या घरी बसून म्हणायची गाणी. मी पंधरा वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर कोल्हारजवळच्या एका वस्तीवर गेले. एक आजी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सर सरळ त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि शेंगा फोडू लागले. मीही बसले.

"मास्तर, शेंगा फोडायच्यात, खायच्या न्हाईत," आजी म्हणाल्या.

"एकच खाल्ली आजी."

"तिसरी हाय. डोळा एक गेलाय माझा, दुसरा हाय की."

सरांनी गाणं मागितलंच नाही. वर्षाचा पाऊस, कालव्याचं पाणी, सून, सुनेची आई, सगळं झालं. निम्मी पाटी भरल्यावर आजी आपोआप गुणगुणायला लागल्या. मोकळ्या हातांनी माणूस गाणं सांगतो, कामातल्या हातांनी गातो, असं सर नंतर मला स्कूटरवर म्हणाले. तो नाताळचा पाळणा होता:

हलकं हलव गं पाळणा, वारं सुटलंय पाटावर,
बाळ निजलं गव्हाणीत, ऊस उभा कडंला.

हा मी चर्चमध्ये कितीदा तरी ऐकलेला. पण आजींनी "निजलं" म्हटलं तेव्हा माझे हात थांबले. आमच्याकडे त्या शब्दावर सूर खाली उतरून गाढ झोपतो. आजींचा सूर तिथं उतरलाच नाही, जरा वरच थांबला, झोपेत बाळाने हुंदका द्यावा तसा. तो कोमल निषाद होता. मी सरांकडे बघितलं. सर शेंगेवर अंगठा ठेवून डोळे मिटून बसले होते.

लाल वहीत ते पान असं आहे. कोणाकडून: मग आजींचं नाव. वय: 'लई' (त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय). काय करत होत्या: शेंगा फोडत. त्या कोणाकडून शिकल्या: आईकडून. मग सूर, "निजलं"वर कोमल निषाद. आणि त्याखाली बारीक अक्षरात: 'चर्चमध्ये इथं धैवत गातात. कोणाकडून: पेटीकडून.'

सरांच्या दोन वह्या होत्या. लाल वहीत बायकांनी गायलं ते, जसंच्या तसं. निळी वही चर्चमध्ये वाजवण्यासाठी. तिच्यात तीच गाणी, पण मेलेली पट्टी टाळून लिहिलेली, आणि वर फक्त गावाचं नाव. वाजवणाऱ्याला तेवढं पुरे.

पुढे कमिटीला एकदाची दया आली आणि पेटीवाल्याने त्या पट्टीचा मेलेला सूर बदलून दिला. त्या रविवारी सरांनी "निजलं"वर खरा निषाद वाजवला. अख्खी मंडळी त्यांच्या अंगावरून धैवत गात निघून गेली. सर वाजवता वाजवता हसायला लागले आणि दुसऱ्या कडव्याला त्यांनी मुकाट्याने धैवत धरला. नंतर मला म्हणाले, "आता हा यांचा झाला. मोडक्या पेटीने दिलेला. कॉलेजात मी तीस वर्षं इतिहास शिकवतोय, पण तो होताना आज बघितला." दिवसभर ते खुशीत होते.

सर गेले ते अचानक, जानेवारीत. त्यांच्या अंत्यविधीला मीच पेटी वाजवली. कपाळ सोडून माझं काही दिसत नव्हतं, ते बरं झालं.

पंधरा दिवसांनी मी काकूंकडे बसले होते तेव्हा डॉक्टर आले. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत. सरांचेच जुने विद्यार्थी, आमच्याच चर्चचे, सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी इतिहास शिकवायला लागलेले. पीएच.डी. झाल्यापासून त्यांना नुसतं नाव घेऊन हाक मारलेली चालत नाही. त्यांनी सफरचंदं आणली होती. काकूंच्या हातावर हात ठेवून ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, "काकू, सरांचं काम असं कपाटात पडून राहता कामा नये. मी झेरॉक्स काढतो आणि वही परत आणून देतो."

काकूंनी कपाट उघडून निळी वही दिली. मी चहाचे कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"बेटा, तू सरांकडे शिकायचीस ना?" डॉक्टर मला म्हणाले. "प्रॅक्टिस सोडू नकोस."

मी मान हलवली. एवढंच केलं. त्यांनी वही काखेत घातली आणि निघून गेले. "कशाला हवीय? कुठं छापणार? कुणाच्या नावाने?" हे तीन प्रश्न माझ्या तोंडात होते. मी ते चहाबरोबर गिळले. त्या दारातल्या माझ्या गप्प उभं राहण्याचा मला अजून राग येतो, आणि खरं सांगायचं तर त्यातला अर्धा राग मी डॉक्टरांच्याच खात्यावर टाकलेला आहे.

वही परत आली नाही. काकूंनी दोनदा निरोप पाठवला. "कामात आहे," असं उत्तर आलं.

दिवाळीनंतर पुस्तक आलं. जाड, गुळगुळीत कागदाचं, कव्हरवर नदी. काकूंना एक प्रत भेट मिळाली होती. त्यांना चष्म्यानेही बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवायला बसले. प्रस्तावनेत लिहिलं होतं की लेखकाने गेली अनेक वर्षं स्वतः गावोगाव फिरून, वृद्ध स्त्रियांच्या पायाशी बसून या चाली गोळा केल्या. आभारांची यादी होती. त्यात सर होते, छपाईवाल्यांच्या नंतर आणि टायपिंग करणाऱ्या मुलीच्या आधी. त्यांचे आभार आशीर्वादाबद्दल मानले होते.

"यांचं नाव आहे का गं त्यात?" काकूंनी विचारलं.

"आहे काकू," मी म्हणाले.

"कुठं?"

"शेवटी."

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाल्या, "वही तरी द्यायची होती. त्यात यांचं अक्षर आहे."

घरी आल्यावर मी लाल वही काढली आणि काकूंकडून मागून आणलेल्या पुस्तकाशेजारी ठेवली. एकेक गाणं पडताळलं. जिथं जिथं कोल्हारच्या, बेलापूरच्या बायका कोमल निषाद गायल्या होत्या, तिथं तिथं पुस्तकात धैवत होता. पाळण्याच्या पानावर लिहिलं होतं: 'कोल्हार परिसरातील, आज हयात नसलेल्या एका वृद्धेकडून लेखकाने प्रत्यक्ष ऐकलेली मूळ चाल.' आणि "निजलं"वर आमच्या मोडक्या पेटीचा धैवत.

मला आनंद झाला. तो कसला होता ते मी लपवणार नाही. चोर जाताना अंगणातल्या ओल्या सिमेंटवर पाऊल देऊन गेला की होतो, तो आनंद.

त्या शनिवारी मी आईची स्कूटी घेऊन कोल्हारच्या वस्तीवर गेले. आजी आहेत की खरंच गेल्या, एवढंच बघायचं होतं. आजी अंगणात लसूण सोलत होत्या.

"कोन गं?"

"मास्तरांबरोबर आले होते आजी. शेंगा फोडायला."

"व्हय व्हय. ती मुकी पोरगी." त्यांनी मला लसणाची अर्धी टोपली दिली. "मास्तर कुठं हाये?"

मी सांगितलं. त्या सोलायच्या थांबल्या, पदर डोळ्याला लावला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सोलू लागल्या. मग मी म्हणाले, पुढच्या रविवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, मास्तरांनी लिहून घेतलेली गाणी गाणार आहेत, मी रिक्षा घेऊन येते. चोरीचं मी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर आजी पहिल्याच मिनिटाला बोलल्या असत्या, आणि मला डॉक्टरांना आधी पूर्ण बोलू द्यायचं होतं. थांबणं मी चांगल्या माणसाकडून शिकले होते.

तो कार्यक्रम म्हणजे डॉक्टरांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं, आणि हॉल भरला होता. डॉक्टरांनी मला आठवडाभर आधीच सांगितलं होतं, "बेटा, पेटीवर तूच बस. तुला भाषण नको, काही नको." बरोबर होतं. मला भाषण नकोच होतं. मी आजींना पहिल्या रांगेत, काकूंच्या शेजारी बसवलं. डॉक्टर पाहुण्यांचं स्वागत करत रांगेतून आले. आजींनाही त्यांनी हात जोडले.

"या आजी, या. कुठून आलात?"

"कोल्हारकडनं."

"अरे वा! इतक्या लांबून!" म्हणाले आणि पुढं गेले. ज्यांच्या पायाशी बसले होते त्यांना त्यांनी ओळखलं नाही. हे मी आणि माझी पेटी, दोघींनीच बघितलं.

भाषण लांबलं. मग पाळण्याची वेळ आली. डॉक्टर माईकवर म्हणाले, "हा पाळणा मला कोल्हारच्या एका आजींनी शिकवला. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, लेकरा, हे जप. आज त्या माउली आपल्यात नाहीत..."

"कोन मेली?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

मागं हसू पसरलं. डॉक्टरही मोठ्या मनाने हसले आणि त्यांनी गायकवृंदाला खूण केली. मी धैवत वाजवला, पुस्तकात होता तसाच. पहिलं कडवं संपलं आणि आजी काठी टेकत उभ्या राहिल्या.

"चुकलं की गं ते. 'निजलं'वर चुकलं."

"आजी, तुम्हाला येतो का पाळणा?" डॉक्टर कौतुकाने म्हणाले. "म्हणा की. मंडळी, हीच आपली जिवंत परंपरा!"

आजींनी माईक हातात घेतला नाही. उभ्या उभ्या म्हणायला लागल्या. आवाज चिरका, पण सूर पक्का. "निजलं"वर त्या थांबल्या, वर, हुंदक्यासारख्या. माझं बोट पाचव्या काळ्या पट्टीवर आधीच ठेवलेलं होतं.

टाळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "सुंदर! फक्त एक सांगतो आजी, मूळ चालीत तिथं असं नाही. वयोमानाने होतं असं. मूळ असं आहे," आणि त्यांनी स्वतः गाऊन दाखवलं. धैवतावर.

"मूळ?" आजी म्हणाल्या. "आरं, माझ्या आयनं ह्यावर मला निजवलं. मी माझी सहा निजवली. अन् तू मला मूळ दावतो व्हय?"

"तसं नाही आजी, मी स्वतः कोल्हारला..."

"मास्तर आल्ते. शेंगा फोडत बसले, खाल्ल्या बी लई. ही मुकी पोरगी आल्ती. तू कवा आल्तास?"

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. डॉक्टर पाहुण्यांकडे वळून हळूच म्हणाले, "त्यांना आठवत नसेल. वय झालंय."

त्या वाक्याने माझं काम सोपं केलं. मी घरून चार वाक्यं लिहून, पाठ करून आले होते. त्यातलं एकही आठवलं नाही. मी पेटीवर "बाळ निजलं"चा तुकडा दोनदा वाजवला. एकदा निषाद, एकदा धैवत. मग पेटीमागून उठले, आणि माझं सगळं तोंड लोकांना दिसत असताना म्हणाले, "डॉक्टर, हा धैवत कोल्हारचा नाही. आपल्या पेटीचा आहे."

मग मागच्या रांगेतले कमिटीचे एक आजोबा जोरात म्हणाले, "आरं तिच्या! ही तर आपली मेलेली पट्टी!" आणि मग ते सगळ्यांना एकदम कळलं. नऊ वर्षं ज्यांनी ती फुस्स ऐकली होती त्या सगळ्यांना. कोल्हारच्या अंगणात पेटी नव्हती. तो सूर आमच्या चर्चबाहेर कुठंच नव्हता, आणि आमच्या चर्चमध्ये तो फक्त एकाच माणसाने लिहून ठेवला होता. मी लाल वहीचं पान उघडून काकूंच्या मांडीवर ठेवलं. लोक वाकून वाकून बघायला लागले. काकू अक्षरावरून नुसतं बोट फिरवत होत्या.

डॉक्टर काहीतरी म्हणत होते. परंपरेत पाठभेद असतातच, वगैरे. त्यांचा चेहरा मी नीट, सावकाश बघून घेतला. सहसा मी कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

एवढ्यावर जग बदलत नाही. ते अजून कॉलेजात शिकवतात. पुस्तक अजून मिळतं. निळी वही मात्र दुसऱ्याच दिवशी काकूंच्या दाराच्या कडीला प्लास्टिकच्या पिशवीत लटकलेली सापडली, चिठ्ठी नाही, काही नाही. मंडळीने त्यांना महिन्याभरात माफ केलं. पाळकांनी मला बोलावून सांगितलं, "मुली, मन मोठं कर." मी हो म्हणाले. माझं मन आहे तेवढंच ठेवलंय. उपासनेत क्षमेची प्रार्थना येते तेव्हा मी भात्याचा खटका तपासत असते.

आणि मी आणखी एक गोष्ट केली. संडे स्कूलची मुलं माझ्याकडे आहेत. त्यांना मी सगळी गाणी लाल वहीप्रमाणे शिकवली. मुलं शिकली की आया शिकतात. वर्षभरात अख्खी मंडळी खऱ्या निषादावर आली. डॉक्टर दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसतात आणि स्वतःचं पुस्तक उघडून धैवत गातात. आता सूर बदलला तर कबुली दिल्यासारखं होईल ना. त्यामुळे दर रविवारी, एका तरी ओळीत, सगळ्या चर्चमध्ये तेवढे एकटे बेसूर होतात. शेजारचे मान वळवून बघतात. मला पेटीमागून ते दिसतं. मला ते आवडतं.

एकटे, असं मी समजत होते. नाताळाच्या आधीच्या रविवारी "निजलं"वर मला दोन धैवत ऐकू आले. दुसरा बायकांच्या बाजूने होता, बारीक. काकूंचा.

उपासनेनंतर मी त्यांना म्हटलं, "काकू, तुम्ही अजून जुनंच म्हणता."

"मला आता नवं कुठं जमतंय गं," त्या म्हणाल्या. आणि मग, चपला पायात सरकवत, "यांना तोच आवडायचा ना. पेटीने दिलेला म्हणायचे."

मला ते माहीत होतं. लाल वहीत ते लिहिलेलंही आहे, बारीक अक्षरात, आणि ते पान मीच सगळ्या हॉलला दाखवलं होतं. डॉक्टरांना बेसूर करण्यासाठी मी चर्चमधून पुसला तो सूर सरांचा होता.

घरी येऊन मी बराच वेळ विचार केला. धैवत परत आणला तर तिसऱ्या बाकावरचा माणूस सुरात येतो. ते मला मंजूर नाही. नाही आणला तर काकू बेसूर राहतात.

त्यामुळे आता असं चालतं. डॉक्टरांना अधूनमधून व्याख्यानांना बाहेरगावी जावं लागतं. रविवारी गाणं सुरू होण्याआधी पुढच्या रांगेतली एखादी मुलगी मागं वळून हळूच विचारते, "ताई, आज वरचा की खालचा?" मुलांना दोन्ही येतात, मीच शिकवलेत. मी लगेच सांगत नाही. आधी तिसऱ्या बाकाकडे बघते. तिथं कुणी बसलेलं असलं तर वरचा. बाक रिकामा असला तर मी भाता उघडते, काकूंकडे बघते, आणि "निजलं"वर बोट एक घर खाली सरकवते.